प्रयोगशाळेतला मठ्ठा

मंगळवार, संध्याकाळ. अमरावती.

आज मशीन दुरुस्तीला अकोल्याला गेलो, भलतीच मजा आली. बियाणे प्रयोगशाळेच्या वानखडे मॅडमचं नवं ज्वारीचं बियाणं उगवण चाचणीत नापास होऊन राहिलं होतं, कारण बियाणं ठेवायच्या गार कपाटाचं तापमान पंचवीस अंशांवर टिकेना. मी दोनदा जुळवलं, दोनदा चढलं. कावून चढून राहिलं, कळेना.

चहाला बसलो तर मागून आवाज आला, फट्. जरा वेळानं पुन्हा फट्. कपाटाचं दार! जाऊन पाहतो तर बियाण्याशेजारी मठ्ठ्याची बरणी. उन्हानं त्रासलेलं सारं ऑफिस तिथंच येऊन पीत होतं.

"मॅडम, मशीन चांगली आहे. मठ्ठा काढा."

मॅडम लाजल्या. बरणी त्यांच्याच घरची.

मग तापमान पंचविसावर बसलं ते हललंच नाही. निघताना त्यांनी ग्लास पुढे केला. "आता असाच कोमट प्या जी."

दोन ग्लास प्यालो.