पांढऱ्या कपाळाची बाई

मंगळवार, १८ नोव्हेंबर
माजिवड्याहून सामान आलं. टेम्पो १८००, हमाली ३००, नवा पोळपाट १४०, देव्हाऱ्याला खिळे २०. देव मी मांडीवरच आणले. ठाकुर्लीच्या ह्या चित्रदालनात ह्यांना रखवालदारी मिळाली. मागची खोली फुकट, विजेचं बिलसुद्धा नाही. दत्तगुरू पावले. दालनात सगळी मासिकांतल्या गोष्टींसाठी काढलेली चित्रं आहेत. इथलं बघणाऱ्या मृणालताई म्हणाल्या, काकू, काचा तुम्हीच पुसा, पंढरीकाका धसमुसळे आहेत. हे गालात हसले.

रविवार, २३ नोव्हेंबर
उद्घाटनाला चित्रकार शिवराममास्तर आले, ऐंशीच्या पुढचे. दारासमोर त्यांचं बक्षीस मिळालेलं चित्र आहे: कुठल्याशा गोष्टीतली विधवा, नजर खाली, कपाळ पांढरं. चित्र काढताना समोर बसवली होती स्वतःची बायको, रंगूबाई. माइकवर सांगत होते, "कुंकू पुसायला तयारच होईना. शेवटी मीच पुसलं, ह्या अंगठ्यानं. म्हटलं, रडतेस काय, मी मेलोय का?" लोक हसले.
मृणालताईंनी चहा गाळताना सांगितलं, नंतर तिनं कुंकू लावलंच नाही, महिन्याभरात गेली. चित्र तिच्या भावानं, दगडूदादांनी दिलंय. ते मुरबाडकडे असतात, तिथे फोन लागत नाही, पत्र टाकावं लागतं.
मला जेवण गेलं नाही.

गुरुवार, २७ नोव्हेंबर
मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट मांडला. नव्या जागी सवाष्ण कुठून आणू? काच पुसता पुसता रंगूबाईलाच हळदकुंकू लावलं, माझ्या करंड्यातलं. हळूच म्हटलं, "बाई, सोडू नको त्याला."
दुपारी काचेवर काही नव्हतं. हे म्हणाले, मी हातही लावला नाही.

सोमवार, १ डिसेंबर
शिवराममास्तर गेले. आधी अंगठा काळा पडला, मग मनगट, मग सगळा हात. डॉक्टरांना कळलंच नाही. मी देवापुढे साखर ठेवली. भोगलं एकदाचं. आता तिचं कपाळ खरंच पांढरं.
काच पुसायला गेले तर तिची नजर वर होती.

मंगळवार
माझ्या कपाळावर कुंकू राहत नाही. लावते, आरशात बघते, कोरडं. खाली मेण लावलं. तेही—

बुधवार
हळदकुंकू लावलं की समोरची परत लावते. रीतच आहे. मी तिला लावलं. आता ती मला परत लावतेय— तिच्याकडे जे आहे तेच—

गुरुवार
ह्यांनी चित्र उतरवायला हात घातला. निघेना. अंगठा काळा. म्हणतात, चेमटलाय गं, घाबरतेस काय. दवाखान्यात चला म्हटलं तर—
ती ह्यांच्याकडे बघत नाही. माझ्या कपाळाकडे—
पत्राचा मजकूर: दगडूदादा, सा. न. तुमच्या बहिणीचं काम झालं. ती माझं ऐकत नाही, तुम्ही तिचे माहेरचे. तिला न्यायला कधी येता ते उलट टपाली कळवा. लवकर या, ह्यांचं मनगट—