रोटीच्या दिवशी गळालेला शब्द

मी, शफीक वल्द हसीब अल-हल्लूम, वय एकोणऐंशी, सेवानिवृत्त शिक्षक, राहणार तल्ल अल-जौज, नदीकडची आळी, डोके जागेवर, दात चौदा, कोणाच्याही धाकाखाली नसताना (नझीहा, माझी बायको, जाऊन सहा वर्षे झाली, तेव्हा हे खरेच) माझ्यामागे काय कोणाचे, ते स्वहस्ते लिहून ठेवतो. शरीयतीने मुलाचा हिस्सा ठरलेलाच आहे. उरलेल्या एक तृतीयांशात मात्र माझी मर्जी चालेल.

कलम पहिले. घर माझा मुलगा वाइल याचे. तो सरहद्दीपलीकडे मेर्सिनला असतो, दर शुक्रवारी फोन करतो आणि जेवलात का विचारतो. स्वयंपाकघराची भिंत लढाईत दोनदा पडली. दुसऱ्यांदा ती मी स्वतः बांधली, म्हणून वाकडी आहे. वाइलने ती सरळ करू नये. नझीहा तिला टेकून वांगी सोलायची आणि म्हणायची, "उस्ताद, भिंतीलासुद्धा तुमच्यासारखी झोप येते."

कलम दुसरे. पुस्तके शाळेला. एकेचाळीस वर्षांत जमवलेली सगळी क्रमिक पुस्तके आहेत, पैकी तिसरीचे जुने पुस्तक वेगळे बांधून ठेवले आहे. त्यात गव्हाची कविता आहे, कवीचे नाव छापायला विसरलेले. ‘गव्हा गव्हा, निजलास का? म्हणतो, उद्या ताटात भेटू.’ ही पोरांकडून उभे राहूनच म्हणून घ्यावी. बसून म्हटली की तिच्यातला वारा जातो.

कलम तिसरे. भट्टीवाला अबू दुरैद याला काही नाही. साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये म्हणतात. हे ऐकल्यावर तो म्हणाला, "मग मला साक्षीदार कशाला केलंस, लुच्च्या? दुसरा कोणी मिळाला नाही?" तर त्याचा राग इथे नोंदवला आहे. तेवढाच त्याचा वाटा.

कलम चौथे. खिडकीजवळची वेताची खुर्ची मोठ्या वाहिनीच्या त्या बातमीदाराला द्यावी, जो लढाईत सरहद्दीपलीकडच्या टेकडीवर उभा राहायचा. त्याचे नाव लिहीत नाही, त्याला कळेल. त्याचा कॅमेरा माझ्या घराहून महाग होता; मात्र तो आमच्यापासून सात किलोमीटरवर, आणि बातमीदार आमच्याकडे पाठ करून. एका संध्याकाळी तो म्हणाला, "माझ्यामागे दिसतंय ते ओसाड गाव. आता तिथे कोणीही उरलेलं नाही." आम्ही वीसजण तळघरात, मोटारीच्या बॅटरीवर टीव्ही लावून, आपण नाही आहोत हे ऐकत बसलो होतो. अबू दुरैद म्हणाला, "आपण नाही, तर मग माझा चहा कोण ढोसतंय?" नझीहा इतकी हसली की तिला पाठीत थापट्या माराव्या लागल्या.

न्यायाला धरून हेही लिहितो. लढाई ओसरल्यावर तो माणूस गावात आला, चार दिवस राहिला, आणि मदतीच्या पिठाच्या गोणी आमच्याच पोरांनी लंपास केल्याची बातमी त्यानेच दिली. ती आमच्यापैकी कोणी दिली नव्हती. चोराच्या आईच्या हातचे सरबत रोज पिणाऱ्याला ते दाखवणे जड जाते. म्हणून त्याला खुर्ची. खिडकीतून गल्ली दिसते. त्याने बसावे, घाई करू नये.

कलम पाचवे. माझी अक्रोडाची काठी हनादी हिला. हनादी म्हणजे समोरच्या शिंप्याची मुलगी, माझी विद्यार्थिनी. लढाईच्या काळात गावात वाहिनी म्हणाल तर तिचा मोबाइल. तो माझ्या काठीला सायकलच्या ट्यूबच्या रबराने बांधायचा आणि काठी विटांत रोवायची, की झाला कॅमेऱ्याचा स्टँड. चित्रीकरण ती करी, आवाज माझा. दर चित्रफितीच्या सुरुवातीला मी शाळेच्या स्वच्छ अरबीत वार, तारीख आणि ठिकाण सांगायचो, कारण त्याशिवाय बाहेरचे लोक काही खरे मानत नसत. मोठ्या वाहिन्या मग माझा आवाज कापून धूर तेवढा ठेवत. हनादीच्या चित्रफितीत धुराच्या खाली माणसे असत. कोणी कपडे वाळत घालतेय, कोणी कोंबडीमागे धावतेय, आणि पाठीमागून नझीहाची हाक, "हनादी, ते मेलं यंत्र ठेव आणि आधी दोन घास खा!" अशा चारशे अकरा चित्रफिती आहेत. एकीतही गाव ओसाड नाही.

कलम सहावे. हे कलम मी मेल्यावरच उघडावे.

ओसाड गावाची ती बातमी आली त्याच्या दुसऱ्याच सकाळी, चाळीस दिवस थंड पडलेली भट्टी अबू दुरैदने पेटवली. वासाने सगळी आळी बाहेर आली. तीनशे माणसे, गरम रोट्या एका हातातून दुसऱ्या हातात उडवत, भट्टीपुढे फेर धरून नाचली. हनादीने चित्रीकरण सुरू केले आणि मला खूण केली. मी म्हणालो, "आज, सात कानून..." आणि तेवढ्यात पहिली रोटी फुगून बाहेर आली. मला तिसरीचा वर्ग दिसला, आणि मी थेट गव्हाची कविता सुरू केली.

आमच्याकडे कानून दोन: पहिला म्हणजे डिसेंबर, दुसरा म्हणजे जानेवारी. होता दुसरा. ‘दुसरा’ हा शब्द मी गाळला. वार आणि वर्षही गाळले, पण ते कोणाला खटकले नाही. दूरच्या कचेरीतल्या कोणीतरी हिशेब केला, की ही चित्रफीत महिन्यापूर्वीची, लोक गाव सोडून गेले असे ते समजत, त्याच्या आधीची. रात्री आमचा नाच टीव्हीवर आला, आणि त्यावर लाल शिक्का: ‘जुनी, दिशाभूल करणारी’. तेव्हापासून नऊ वर्षे हनादीचे नाव बाहेर खोटारडी म्हणून घेतले जाते.

गावात कोणाच्या लक्षात आले नाही, हनादीच्याही नाही. जानेवारीत राहणाऱ्याच्या कानाला कानून म्हणजे जानेवारीच. माझ्या लक्षात आले ते तीन आठवड्यांपूर्वी. लढाईच्या चित्रफिती जपणाऱ्या परदेशातल्या एका संस्थेने तिला कळवले, की त्या एकीची तारीख संशयास्पद आहे, म्हणून चारशे अकराही बाजूला ठेवल्या आहेत. तारीख बोलणाऱ्या माणसाने साक्षीदारांसह लिहून दिले तर बघू. ती मोबाइल घेऊन माझ्याकडे आली. "ऐका उस्ताद! किती स्पष्ट बोललायत!" मी ऐकले. गळालेला शब्द नगाऱ्यासारखा वाजला. आणि मी, ज्याने एकेचाळीस वर्षे पोरांचे उच्चार तपासले, मान डोलावून म्हणालो, "हो पोरी, स्पष्ट आहे." लिहून देतो म्हणालो, आणि रोज उद्यावर ढकलत राहिलो.

तरी माझ्या पश्चात सर्वांना कळावे: तो दुसरा कानून होता, सन २०१६. चूक माझी. हनादीने खोटे कधीच दाखवले नाही.

पुरवणी, त्याच दिवशी, दुपारच्या नमाजानंतर. साक्षीदारांनी न वाचता सही करावी अशी माझी विनंती होती. अबू दुरैदने ती धुडकावली आणि दुसरा साक्षीदार, पोस्टमन नज्म, याच्यासमोर सहावे कलम मोठ्याने वाचले.

"उस्ताद, त्या संस्थेची यादी या महिन्याअखेर बंद होतेय. तुझा मरायचा बेत कधीचा आहे?"

मी म्हणालो, ते अल्लाच्या हातात.

"मग बाकीचं तरी आपल्या हातात घे!" असे म्हणून त्याने खिडकीतून हाक मारली, "हनादी! वर ये! उस्ताद जिवंत आहे तोवर ये!"

ती धावत आली, पिना तोंडात तशाच. सहावे कलम तिने उभ्याने वाचले. मग पुन्हा वाचले.

"नऊ वर्षं," ती म्हणाली. "नऊ वर्षं मी लोकांशी भांडतेय, आणि तुम्ही कविता म्हणत होतात?"

"रोटी फुगली होती गं."

"पाचवीत पाठांतरात एक शब्द गाळला, तर मला दहापैकी शून्य दिलं होतंत!"

"दोन दिले होते."

"शून्य! आईनं जेवायला दिलं नव्हतं त्या दिवशी!"

यावर अबू दुरैद हसता हसता खाली बसला. हनादीने डोळे पुसले, नाक पुसले, माझ्या फुलपात्रातली लाल पेन्सिल उचलली आणि सहाव्या कलमाच्या समासात एवढे मोठे शून्य काढले. मग तिने माझे कपाळ चुंबले, त्या पानावर आम्हा तिघांच्या सह्या घेतल्या आणि ते घेऊन जिना उतरली. खालून तिचे ओरडणे ऐकू आले, "अब्बा, इस्त्री बंद करा, मी पोस्टात चाललेय!"

सबब नमूद करतो: वरील सहावे कलम ही मी पुन्हा लिहिलेली प्रत आहे. मूळ पानाच्या समासातले लाल शून्य हनादीच्या हातचे असून ते खाडाखोड समजू नये, तो निकाल आहे आणि तो मला मान्य आहे. बाकीची कलमे माझ्या मृत्यूनंतर लागू होतील. हे एक माझ्या हयातीत, आज दुपारी, लागू झाले.

सही: शफीक हसीब अल-हल्लूम

साक्षीदार: १. अबू दुरैद, भट्टीवाला (वाचून सही केली)
२. नज्म अल-कस्सूम, निवृत्त पोस्टमन (ऐकून सही केली; वाचायची गरज उरली नव्हती)

स्थळ: तल्ल अल-जौज
शनिवार, १९ निसान (म्हणजे एप्रिल; निसान एकच असतो), सन २०२५