आयकॉनची लाईन

५ मार्च, सकाळी ७
काल माझ्या वायरमन मित्राच्या मुलीने रस्त्यात गाठलं. म्हणाली, निवृत्त झाल्यापासून बाबा घराबाहेर पडत नाहीत, बोलत नाहीत. काका, त्यांना कशात तरी गुंतवा. गुंतवतोच. रविवारी वाचनालयात ज्येष्ठांसाठी प्रोग्रॅमिंगचा वर्ग. मी गुरुजी, तो पहिला शिष्य. कॉम्प्युटरची लिनक्स प्रणाली मी पुस्तकं वाचून स्वतः शिकलो आहे, तेव्हा तयारीची गरज नाही.

संध्याकाळी
थोडी तयारी केली. कोड लिहायचा एडिटर आयकॉनवर क्लिक करून उघडला. म्हणतो, जावा, म्हणजे वर्गात शिकवायची प्रोग्रॅमिंगची भाषा, सापडत नाही. तोच टर्मिनलमधून, म्हणजे काळ्या खिडकीत हुकूम टाइप करून उघडला की सापडते. वर्गात काळी खिडकी नको, मंडळी बिचकतील. उद्या दहा मिनिटांत उरकतो.

६ मार्च
सहा तास झाले. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल नावाचं प्रकरण आहे. जावा कुठे राहते तो पत्ता प्रोग्रॅमच्या कानात आधीच सांगून ठेवायचा. मी तो ‘बॅशआरसी’ फाइलमध्ये लिहिलाय. टर्मिनलला ऐकू जातो, आयकॉन ठार बहिरा. पत्ता खाली पुन्हा लिहिला. मग तिसऱ्यांदा.
ही म्हणाली, मला दोन जावा आहेत, एकही हरवत नाही. दुर्लक्ष केलं.

७ मार्च
मुलीने वायरमनला हाताला धरून आणून सोडलं. त्याला सगळं समजावलं. चहा प्यायला, आयकॉनकडे बघत बसला. वयानुसार ग्रहणशक्ती कमी होते. माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे.
दुपारी जावा काढून पुन्हा टाकली. आता टर्मिनललाही सापडत नाही. प्रगती आहे. निदान दोन्हीकडे वागणूक सारखी झाली.

८ मार्च
जावा परत आणली. आयकॉन मोठा करून पाहिला. वायरमन आज आपणहून आला. हसलासुद्धा. मला.

९ मार्च, शनिवार
पडसं झाल्याचं वाचनालयाला कळवणार होतो. पण वर्ग बारगळला तर हा पुन्हा घरात कोंडून घेणार. तेवढ्यात तोच बोलला. “आयकॉनला सप्लाय कुठून येतो?”
म्हटलं, मित्रा, हे वायरिंग नव्हे.
“तू पत्ता एका खोलीच्या बोर्डावर लिहिलायस. काळी खिडकी त्या खोलीत आहे, तिला मिळतो. आयकॉनची लाईन त्या खोलीत जातच नसेल. मेनवर लिही की. आणि मेन एकदा बंद करून चालू कर.”
त्याचं समाधान व्हावं म्हणून पुस्तक उघडलं. बॅशआरसी टर्मिनल उघडतानाच वाचली जाते. लॉगिन करताना वाचतात ती ‘प्रोफाइल’ फाइल. ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती. माझीच. पत्ता प्रोफाइलमध्ये लिहिला, लॉगआउट, लॉगिन. आयकॉनला जावा सापडली.
म्हणजे माझं शिकवणं त्याच्या डोक्यात शिरत होतं.

१० मार्च, रविवार
नऊजण आले. प्रस्तावना मी केली, चाळीस मिनिटं. दोघांना छान झोप लागली. मग एका आजींनी विचारलं, हे व्हेरिएबल म्हणजे नक्की काय? मी तोंड उघडेपर्यंत वायरमन फळ्याशी. घर काढलं, खोल्या काढल्या, लाईन ओढली. वेळ संपली तरी मंडळी उठेनात. पुढच्या रविवारपासून त्यानेच शिकवावं असं सर्वानुमते ठरलं. मला विचारायचं राहून गेलं.
मुलगी बाबांना न्यायला आली होती. तिला सांगितलं, माझी पद्धतच अशी, शिष्यासमोर अडून दाखवायचं. तिचे डोळे भरून आले होते. म्हणाली, “काका, तुम्हीही येत जा हं वर्गाला. घरी बसून राहू नका.”
बघतो म्हटलं. वही घ्यायला हवी.