खोट्या तक्रारीचा खरा पत्ता

१४ जून, शनिवार सकाळ

प्रिय ताई,

नमस्कार. तुझी मान आणि भावजींचे गुडघे कसे आहेत? इकडे आम्ही मजेत. चिरंजीवांना पहिला दात आला आहे आणि समोर येईल त्याच्यावर तो वापरून बघतात. पत्र पाहून दचकू नकोस. फोनवर तू मला दोन वाक्यं धड पुरी करू देत नाहीस, आणि आज बरीच करायची आहेत.

आधी गुरुवारचा खुलासा. तुझ्या पडद्यांच्या दुकानात नवीकोरी लाल बॅग घेऊन जे गृहस्थ माफी मागायला आले, ते माझ्यामुळे आले.

माझं काम तुला ठाऊक आहे. इंटरनेटवर कंपनीच्या नावाने बोंब झाली तर तिथल्या माणसांचे हातपाय गळू नयेत, म्हणून आम्ही आधीच खोटी बोंब मारून त्यांचा सराव घेतो. नकली पान, नकली गिऱ्हाइकं, शिव्या मात्र अस्सल. त्या दिवशी पाळी बॅगांच्या कारखान्याची होती. मी लिहिलं, ‘भर रस्त्यात बॅगेचं चाक निखळलं, कपडे चिखलात गेले, कुणी दाद देत नाही.’ तिथल्या पोरींनी ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ हे एकच वाक्य अकरा वेळा चिकटवलं. सत्तरीचे मालक कोपऱ्यात बसून वाचत होते. सराव आहे हे त्यांना सकाळीच सांगितलं होतं, पण वाचता वाचता ते विसरलेच. उठले, गोदामातून बॅग काढली आणि गाडीत बसून निघाले!

जेवणाच्या सुट्टीत हे कळलं तेव्हा हसून हसून आमची पुरेवाट झाली. मग मी तक्रारीखालचा पत्ता पाहिला. घाईत मी तुझ्याच दुकानाचा पत्ता टाकला होता. तिथे माझं हसू थांबलं.

मालक नंतर सांगत होते, भावजींना वाटलं, बॅग मागवून तू घर सोडून निघालीस. त्यांना सांग, इतकी वर्षं गेली नाही ती आता कुठे जाते!

मालक परतले ते एकदम खुशीत. “अहो, काय बाई आहे! म्हणाली, बॅग मी घेतलेलीच नाही, पण बसा, चहा घ्या, चाक का निघतं ते बघू. आणि बघितलंही!” मग ते म्हणाले, तुझ्या दुकानालाही तीन वर्षांपूर्वी इंटरनेटवर कुणीतरी पाचापैकी एकच तारा दिला होता. ‘पडदे आखूड, वागणं उर्मट.’ आणि तू त्या महिन्यातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन, स्टुलावर चढून पडदे मोजलेस.

ताई, ते मी लिहिलं होतं. आईच्या साठीला तू सगळ्यांसमोर म्हणालीस, ‘हिचं बरं आहे, भांडणं लावते आणि पगार घेते.’ सगळे हसले, मीही हसले. घरी आले आणि खोट्या नावाने ते लिहून मोकळी झाले. त्यानंतर तुझ्या दारात उभं राहायची हिंमत झाली नाही. दर वेळी कामाचं निमित्त सांगितलं. बाळ आठ महिन्यांचं झालं, तू त्याला फक्त फोटोत पाहिलंस. मला लाज वाटते गं.

मालकांनी उठता उठता आणखी एक सांगितलं. ‘एकही पडदा आखूड निघाला नाही, तेव्हाच ओळखलं मी. घरचंच माणूस आहे. रुसलंय, येईल,’ असं तू म्हणालीस. हे ऐकून मी त्या बॅगांच्या ढिगाऱ्यात बसून रडले, आणि खरं सांगते, इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

ती पडद्यांची तक्रार मी पुसलेली नाही. गुपचूप पुसायचं नाही, आधी कबूल करायचं, हे मीच लोकांना शिकवते. तिच्याखाली माझ्या खऱ्या नावाने लिहिलं आहे, ‘हे खोटं आहे. लिहिणारी यांची धाकटी बहीण.’ आमच्या साहेबांनी वाचलं तर माझी धडगत नाही. वाचू देत.

उद्या बाळाला घेऊन येते. पण एक ऐक. आधी मला काय बोलायचं ते बोल, मनसोक्त बोल, आणि मगच त्याला घे. एकदा तो तुझ्या कडेवर बसला की तुला रागावता येणार नाही, आणि तो राग मला हवा आहे.

तुझ्या शिव्यांची वाट पाहणारी,
धाकटी