मोंढा सरकारचा, तूर आपली

प्रिय समीक्षा,

फोन उचलायला हात मोडले का तुझे? महिना झाला, मी लावून राहिले अन् तू कट करून राहिलीस. म्हणून आज अहमदपूरच्या मोंढ्यात, तुरीच्या पोत्यावर बसून चिठ्ठी लिहायला घेतली. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, हसू नको.

खाजगीत गेलीस म्हणून मी लई बोलले, हे खरं. रॉकेट म्हणजे सरकारचं काम. त्यात तुमची हैदराबादची चार पोरांची कंपनी कामून घुसली, तेच मला कळत नव्हतं. उद्या बुडाली तर तुला कोण विचारणार?

तरी तुमचं रॉकेट उडायच्या दिवशी मी सकाळपासून उपाशी. तुझ्या भावानं, अमरनाथनं, मोबाईल पोत्याला टेकवून लावला. सगळे हमाल गोळा झाले. अन् ऐन वेळेला रॉकेट उडवायच्या तळावरच्या सरकारी साहेबानं तपासणीत काहीतरी काढून थांबवलं! मी त्या साहेबाचा असा उद्धार केला की पलीकडच्या आडतीवरचे लोक बघायला आले. तेव्हा बाजार समितीचा किशनराव म्हणाला, कस्तुराबाई, मोंढा सरकारचा, काटा सरकारी शिक्क्याचा, तूर तेवढी तुमची. गेल्या साली तुमची ओली तूर मी माघारी धाडली, तवा मलाबी असंच बोलला होता.

खरंच होतं त्याचं. वाळवायला दोन दिवस थांबायचा धीर मलाच नव्हता. तशीच पोत्यांच्या थप्पीत गेली असती तर दुसऱ्यांचा माल नासला असता. म्हणजे तुमच्या रॉकेटचंही तसंच, जागा सरकारची, तपासणी सरकारची, उडवायचं तुम्ही. एवढं तू मला नीट सांगितलं असतंस तर! सांगितलं असशील म्हणा, मीच ऐकलं नसेल.

सहाव्या दिवशी मी परत उपास धरला, अन् उडालं. टाळी वाजवायची राहिली, मी आधी भाकरीचं फडकं सोडलं. मग दोन भाकरी खाल्ल्या. इतकं हलकं तू दहावी पास झालीस तेव्हाही वाटलं नव्हतं.

आता खरं लिहिते. तुझ्या लग्नाचं विचारणाऱ्या निलंग्याच्या पाहुण्यांना मी तू सरकारी नोकरीत आहेस म्हणून सांगितलं होतं. माय, तुला माझी लाज वाटते, असं म्हणून तू फोन ठेवलास, तो ठेवलासच. काल मी एसटीनं निलंग्याला गेले अन् त्यांच्या ओसरीवर बसून सांगून आले, पोरगी खाजगीत रॉकेट बनवते, खोटं मी बोलले. मुलाच्या आईनं कपाळाला आठ्या घातल्या, चहा मात्र दिला. मुलगा म्हणाला, आता तिलाच विचारा. म्हणून विचारते. त्यांना येऊ द्यायचं का नको? नको तर नको, मी तोंडावर सांगेन. पण सोमवारी दुपारी बाराच्या आत तुझा फोन आला पाहिजे, त्यांना मी तोवरचा शब्द दिलाय.

तुझीच,
माय