दोन बोटं रिकामी जागा

नागपूर,
मंगळवार, ता. ११ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. वैभवीले,

आम्ही इकडे ठीक आहो. तुम्ही सगळे कन्हानले ठीक असाल असं धरून चालते. तुझ्या बाबांच्या डोळ्याची पट्टी निघाली असं साहिल म्हणे. त्यांना सांग, इतक्यात धुळीत फिरू नका. तुझ्या आईले नमस्कार.

मी चौथी शिकली. अक्षर पाहून हसू नको, अन् हसलीच तर आईले दाखवून हसू नको. फोनवर बोलली असती, पण फोन साहिलचा. मी बोलाले लागली की पोट्टा बाजूले येऊन उभा राहते. म्हणून लिहून राहिली. त्याच्याच हाती डब्यासोबत पाठवते. पाकिटाले डिंक नाही लावला, दोऱ्यानं शिवलं आहे. वाटेत त्यानं उसवलं तर तुले समजेलच. दुसऱ्याच्या हाताचे टाके तुले लय लवकर दिसते.

थंडी पडली. तुळशीचं लग्न उरकलं. तू कुंडीत पेरलेली मेथी वर आली होती, ती मी खुडून भाजी केली. तुझ्यासाठी थांबली असती तर जून झाली असती.

साहिल जेवते. मागच्या आठवड्यात पाटोडीचा रस्सा केला. पहिला घास घेतला अन् म्हणे, "वैभवी यात खसखस टाकते." पोट्टा हा एवढासा होता तेव्हापासून माझ्या हातची पाटोडी खाऊन राहिला. इतकी वर्षं कधी खसखस आठवली नाही त्याले. मी म्हटलं, "मग जा कन्हानले, खसखस खाऊन ये." तर खरंच रविवारी गेला. तुझ्या बाबांचा डोळा पाहाले म्हणे. नवीन शर्ट घालून कोणी डोळा पाहाले जाते का, मले माहीत नाही.

तू या घरात येऊन दोन वर्षं झाली. त्याच्या आधीचं तुले कोणी सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते. कुठं कारखाना बंद पडला की तिथल्या आग विझवणाऱ्यांची हेल्मेटं साहिलचे आजोबा महादेवराव लिलावात घ्यायचे. मी अंगणात धुवायची. हनुवटीचा पट्टा तुटला असेल तर नवा शिवायची, अन् आतमध्ये कापूस घालून गादी बसवायची. ज्यांना नवीन परवडत नाही ते आमच्याकडून न्यायचे. महादेवराव गेले, साहिल हाताशी आला, तरी गादी माझीच. माल आला की पोट्टा हेल्मेट डोक्यावर घालून माझ्यापुढे यायचा. "पाय वं आजी, बसलं का बरोबर?" मी हनुवटीखाली बोट घालून पाहायची अन् वरून एक टपली द्यायची. टपली दिली म्हणजे माल पास.

आता तो आतमध्ये बॅटरी मारते, फोटो काढते अन् तुले पाठवते. तुझं उत्तर येईपर्यंत माल अंगणात पडून राहते. मी तिथंच खाटेवर बसली असते. मले कोणी विचारत नाही. तू म्हटलं मुदत संपली, की हा लगेच आरी घेऊन हेल्मेटाच्या दोन फाका करते, कोणी पुन्हा विकू नये म्हणून. गाणं म्हणत कापते. माझ्यासाठी त्यानं कधी गाणं म्हणत नारळसुद्धा फोडला नाही.

तू बाबांच्या डोळ्यासाठी माहेरी गेली, असं मी गल्लीत सांगितलं आहे. तिकडे तूही तसंच सांगितलं असशील. बरं केलं.

पण त्या दिवशी ओमप्रकाश बसला होता ना वं. जिनिंग मिलचा माणूस, आपलं जुनं गिऱ्हाईक. त्याच्यासमोर तू माझं हेल्मेट उलटं केलं. आतमध्ये बोटं घालाले गेली, ती जाईनात, कारण माझी गादी घट्ट. तू म्हटलं, "आजी, डोकं अन् वरचं कवच यांच्या मधात दोन बोटं जागा रिकामी राहिली पाहिजे. वरचा मार त्या जागेत जिरते. तुम्ही ती भरून टाकली. अन् कापूस तर पेटते." मग खडू घेतला अन् पूर्ण मालावर फुल्या मारत गेली. एकावर मारून थांबली असती तरी मले समजलं असतं. तू शेवटपर्यंत गेली. आणि माझा साहिल तुले हेल्मेटं उचलून देत होता.

मी काय बोलली ते तुले पाठ असेल. मलेही आहे. बापाच्या घरी जाऊन फुल्या मार, असं मी म्हटलं. तू गेली. कोणी इतकं लवकर ऐकते हे मले माहीत नव्हतं, या घरात माझं कोणी ऐकत नाही.

रविवारी साहिल तिकडे आला, घरात मी एकटी. माळ्यावरून उन्हाळ्याचे दोन माठ काढले. एकावर माझ्या गादीचं हेल्मेट बसवलं. दुसऱ्यावर ते, ज्याच्यात तू कंपनीची नवीन पट्ट्यांची जाळी बसवली होती. शिडीवर चढली अन् दोन्हीवर एकेकदा वरवंटा सोडला. तुले हे सांगितलं तर तू म्हणशील, आजी, याले टेस्ट म्हणत नाही, टेस्टले लॅब असते, तिथं लोखंडी डोकं असते. असू दे. माझ्याकडे माठ होता.

माझा फुटला. हेल्मेटले वरून काहीच झालं नाही, चकचकीत. आतमध्ये खापऱ्या.

तुझा फुटला नाही. मी शिडीची आणखी एक पायरी चढून पुन्हा वरवंटा सोडला. खरं लिहिते, फुटावा म्हणूनच सोडला. नाही फुटला. मी खाली उतरून त्या माठाकडे पाहत बसली अन् मले इतका राग आला, की लाथ मारून फोडावा वाटलं. माठाच्या जागी मिलमधल्या कोणाचं डोकं राहिलं असतं, हे मनात नंतर आलं. आधी हेच आलं, की वैभवीचा माठ साबूत राहिला. इतकी वाईट बाई आहे मी. तुझ्या आईले वाचून दाखवू नको.

मग कात्री घेतली अन् एकेक गादी उसवाले बसली. साहिल संध्याकाळी परत आला तेव्हा अंगणभर कापूस.

"आजी, हे काहून उसवून राहिली?"

"टाके वाकडे आले."

"तुझे टाके कधी वाकडे येत नाहीत."

"आता येते. म्हातारी झाली."

तो माझ्याजवळ बसला अन् दोरे ओढू लागला. खापऱ्या त्याले दिसल्या. दोन माठ दिसले, एक फुटका, एक साबूत. तो दोरेच ओढत राहिला. हे तू शिकवलं असशील, आधी तो बडबड्या होता.

काल ओमप्रकाश पुन्हा आला. जिनिंग सुरू झालं, कापसाचे ढीग लागले, त्याले माल लवकर पाहिजे. म्हणे, "आजी, फुल्या पुसून टाका, वरून लाल रंग मारा, गादी परत बसवा. मजुराले आतलं काय समजते?" मी म्हटलं माल तयार नाही. तो हसला. म्हणे, "नातसून तर गेली ना माहेरी. आता कौन रोकेगा?"

मी म्हटलं, "मी."

त्याच्यासोबत साहिलनंही माझ्याकडे पाहिलं. खूप दिवसांनी पाहिलं असं.

पण माझ्या रोकण्यानं काय होते. ओमप्रकाश शुक्रवारी येतो म्हणे. तोपर्यंत नीट माल मिळाला नाही तर दुसऱ्या दुकानातून घेईन म्हणे, तिथं रंग मारून देतात. ती हेल्मेटं मग त्याच मजुरांच्या डोक्यावर जाणार. आपली कवचं चांगली आहेत की नाही, मले सांगता येत नाही. आतला तारखेचा शिक्का बारीक असते, माझ्या डोळ्याले दिसत नाही. कोणत्या कंपनीच्या टोपात कोणती जाळी, ते मी कधी शिकली नाही. रॉकेलनं पुसू नका, कवच कमजोर होते, असं तू एकदा म्हटलं होतं. मी तुझ्या पाठीमागं पुसलेली दोन-तीन आहेत. ती ओळखून बाजूले काढ. तुझ्या पसंतीच्या मालावरच सही करून दे. हे साहिलच्यानं होत नाही. तो तुले विचारल्याशिवाय पाणी पीत नाही.

तर गुरुवारी ये. बाबांच्या डोळ्याले आता तुझी गरज नाही, असं मले वाटते.

एक सांगून ठेवते. माझं काही चुकलं तर आधी मले आतल्या खोलीत बोलावायचं अन् सांगायचं. मी भांडीन, तू ऐकून घ्यायचं. त्यानंतर खुशाल बाहेर जाऊन फुली मार, मी खडू आणून देईन. गिऱ्हाइकासमोर मात्र नाही.

साहिल तुझा झाला, हे मले आवडलं नाही. तू आल्यावर आवडाले लागेल असंही नाही. तो दारात तुझी वाट पाहील, तेव्हा मी मागं अंगणात राहीन. माझं तोंड कसं झालं ते तुले पाहायची गरज नाही. चहा झाला की मागं ये.

पत्र संपवताना आशीर्वाद लिहितात. मी तो डोक्यावर हात ठेवून देते, कागदावर लिहून देत नाही. पाहिजे असेल तर घ्याले यावं लागेल.

कौसल्या