गुडघा, गौस आणि मुरगूडची कुस्ती

३ नोव्हेंबर १९१३
उचगावात लोकांचे बैल हाकले, आज कोल्हापुरात स्वतःचं गुळाचं दुकान. मनात आणलं ते केलं. आता मनात एकच: चैत्रात मुरगूडच्या जत्रेत गौस नालबंदाला चीत करायचं. दोस्त असला म्हणून काय? मागच्या दोन्ही कुस्त्या बरोबरीत सुटल्यात. वय पंचेचाळीस, म्हणजे ऐन उमेदीचं.

९ नोव्हेंबर
तालमीत उडी घेतली. टप्पकन आवाज. वाटलं लंगोटाची नाडी तुटली. नाडी शाबूत. किरकोळ मुरगळ. फक्त उभं राहता येत नाही.

११ नोव्हेंबर
हॉस्पिटल. डॉक्टर म्हणाले, गुडघ्याच्या वाटीखालची शीर तुटलीय, उघडून शिवायला हवी. बायको म्हणाली, "पोतं शिवल्यागत घट्ट शिवा, डॉक्टरसाहेब. ह्यो गडी परत उडी मारणार हाय." मी बजावलं, पैलवानाला क्लोरोफॉर्म चढत नाही.

१३ नोव्हेंबर
ऑपरेशन झालं. क्लोरोफॉर्म चढला नाही. सहज डोळे मिटले होते. उघडले तर संध्याकाळ.

२ डिसेंबर
पाय प्लास्टरमध्ये. गौस भेटायला आला. "सिद्धाप्पा, औंदा ऱ्हाऊ दे की. आखाडा काय पळून चाललाय व्हय?" उठताना हळूच कण्हला. माझे कान तिखट. गडी भ्यालाय.

१० जानेवारी १९१४
प्लास्टर निघालं. शीर सांधली. डॉक्टर म्हणाले, चाला-फिरा. बैठका बंद, कुस्ती वर्षभर बंद. जोराचं काही बोलले नाहीत. जोर सुरू.

२० मार्च
चाल झकास. गुडघा निम्माच वाकतो. हरकत नाही, कुस्ती उभ्यानंच मारू.

१२ एप्रिल, मुरगूड
हलगी कडाडली. आखाड्यात उतरलो. रिवाजाप्रमाणं कपाळाला माती लावायला खाली बसलो. तेवढीच प्रॅक्टिस राहिली होती. बसलो तो बसलोच. गौस उठवायला वाकला आणि त्याची कंबर तिथंच अडकली. एकमेकांना घट्ट धरून राहिलो. लोकांना वाटलं, कुस्ती लागली. टाळ्या, शिट्ट्या, फेटे उडाले. कुणीच हलेना, तेव्हा पंचांनी बरोबरीत सोडवली. चौघांनी उचलून एकाच बैलगाडीत घातलं.

१३ एप्रिल, घरी
बायकोनं तेल तापवलं. "आधी कुणाला चोळू?" गौस म्हणाला, "वैनी, ह्येला." मी म्हणालो, त्याला. तिथंही कुणी हटेना. तेल दोघांच्या मधी ठेवून ती शेजारी गेली.

दोघांचेही हात तेलापर्यंत पोचत नाहीत.